खेकड्यांचा दोर आणि विजेवर फिरणारं चाक

१. इंजिन असताना आणखी एक मोटर कशाला?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात नव्यानं राहायला गेलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी होडीतून खेकडे धरायला जातो आणि परत आल्यावर एक प्रश्न हमखास विचारतो. होडीला मागे चांगलं पेट्रोलचं इंजिन आहे, आमिष बांधलेला दोर पाण्यात टाकलेला आहे, मग होडीच्या काठावर ते विजेवर फिरणारं चाक कशासाठी? खेकडा काही इतका जड नसतो की त्याला वर आणायला मोटर लागावी.

प्रश्न अगदी रास्त आहे. ते चाक खेकडा वर ओढण्यासाठी नसतंच. दोर होडीत ओढून घेण्यासाठीही नसतं. ते होडी ओढण्यासाठी असतं. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की कोणतं चाक घ्यावं, किती ताकदीचं घ्यावं, होडीवर कुठे बसवावं आणि मुळात घ्यावं की नाही, हे सगळं ओळीनं उलगडत जातं. बाजारात मात्र नेमकं उलटं चालतं. विकणारा ताकदीचा आकडा पुढे करतो, घेणारा त्या आकड्यावर भाळतो आणि पाण्यावर गेल्यावर कळतं की ताकद कधी कमी पडत नव्हतीच, हवा होता तो ताबा.

पण चाकाकडे जाण्याआधी दोर समजून घ्यायला हवा.

२. गळ नसलेला दोर

चेसापीक ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मोठी खाडी. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. सस्क्वेहॅना, पोटोमॅक, चॉपटँक, चेस्टर, पॅटक्सेंट अशा नद्यांचं गोडं पाणी इथे अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं. या उथळ, मचूळ पाण्यात निळा खेकडा वाढतो. शास्त्रीय नाव कॅलिनेक्टिस सॅपिडस. कोकणात आणि गोव्यात बाजारात येणाऱ्या समुद्री कुर्ल्या आणि खाडीतल्या मोठ्या चिंबोऱ्या यांच्याच कुळातला हा प्राणी. शेवटच्या पायांच्या जोडीचं टोक चपटं असतं, त्यामुळे तो नुसता चालत नाही, उत्तम पोहतो.

त्याला धरायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक म्हणजे तारेच्या जाळीचा पिंजरा. व्हर्जिनियातल्या बेंजामिन लुईस यांनी १९२८ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत तो सुधारला. आज खाडीच्या मुख्य पात्रात व्यावसायिक मच्छीमार मुख्यतः हेच पिंजरे वापरतात. पण मेरीलँडनं खाडीला मिळणाऱ्या नद्यांमध्ये व्यवसायासाठी असे पिंजरे लावायला बंदी घातली आहे. म्हणून वाय, माइल्स, चॉपटँक या नद्यांवर दुसरी, त्याहून जुनी रीत टिकून राहिली. ती म्हणजे ट्रॉटलाइन, आपल्या भाषेत खेकड्यांचा लांब दोर.

या दोराला एकही गळ नसतो. तळावर आडवा पसरलेला एक लांब दोर, दर चार ते सहा फुटांवर त्याला बांधलेलं आमिष, दोन्ही टोकांना साखळी, नांगर आणि खूण म्हणून वर तरंगणारा बोया. आमिष म्हणून कोंबडीच्या माना, रेझर क्लॅम नावाचे लांबट शिंपले, खारवलेल्या वामचे तुकडे किंवा बैलाच्या ओठांचे तुकडे वापरतात. बैलाचे ओठ ऐकायला विचित्र वाटतात, पण ते चिवट असतात आणि बरेच दिवस टिकतात. हौशी लोक बहुधा कोंबडीच्या माना वापरतात आणि त्यावरून व्यावसायिक मच्छीमार त्यांना चिकन नेकर म्हणून चिडवतात.

मग खेकडा अडकतो कशात? कशातच नाही. तो स्वतःहून धरून राहतो. आमिषाचा वास प्रवाहाबरोबर खाली वाहत जातो, खेकडा त्या वासाच्या मागावर प्रवाहाविरुद्ध चालत येतो, नांग्यांनी आमिष पकडतो आणि खायला लागतो. दोर हळूहळू वर उचलला तरी तो सोडत नाही, उलट घट्ट धरतो. पाण्याचा पृष्ठभाग जवळ आला, उजेड वाढला, होडीची सावली दिसली, की मात्र सोडून देतो आणि क्षणात खोल जातो. त्याआधीच्या त्या एक-दोन सेकंदांत लांब दांडीचं जाळं त्याच्या खाली घालून त्याला उचलायचं, हीच या मासेमारीतली सगळी कला.

या रीतीवर माझा जीव आहे, त्याचं कारण हेच. प्राण्याला जखम होत नाही, लहान निघाला किंवा मादी निघाली तर तशीच धडधाकट परत पाण्यात सोडता येते आणि प्रत्येक खेकडा माणसाला डोळ्यांनी पाहून, हातानं टिपून मिळवावा लागतो.

३. दोर जागचा हलत नाही

आता होडीची हालचाल पाहू. दोर काढून पुन्हा टाकायचा नसतो. तो दिवसभर जागेवरच राहतो. होडीच्या काठावर, पुढच्या बाजूला, एक रोलर बाहेर काढलेल्या दांडीवर बसवलेला असतो. एका टोकाचा बोया गाठायचा, दोर उचलून रोलरवर ठेवायचा आणि होडी सावकाश दोराच्या दिशेनं न्यायची. होडी पुढे जाते तसा पुढचा दोर तळावरून उचलला जातो, रोलरवरून जातो आणि मागे पुन्हा तळाला बसतो. ३०० मीटरच्या दोराचा कोणत्याही क्षणी फक्त काही मीटरचा भाग पाण्याबाहेर असतो.

साध्या रीतीत होडीला पुढे नेतं ते मागचं इंजिन. रोलर नुसता फिरतो, त्याला स्वतःची ताकद नाही. विजेचं चाक वापरताना इंजिन बंद असतं. काठावरचं चाक दोराला पकडून फिरतं, दोर दोन्हीकडे नांगरांनी जखडलेला असल्यामुळे तो येत नाही, मग होडीलाच पुढे जावं लागतं. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला असतो आणि तरीवरचा माणूस तो दोर हातानं मागे सारत सारत तर पैलतीराला नेतो, ती युक्ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. तरीवरच्या माणसाच्या हातांची जागा इथे चाकानं घेतली आहे, एवढाच फरक.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चाक जेवढ्या जोरानं होडी ओढतं, तेवढाच ताण दोरावर आणि शेवटी नांगरावर येतो. चाक कितीही दणकट असलं तरी नांगर सरकला तर सगळं व्यर्थ. दुसरी, चाक होडी ओढत असताना होडी आपोआप दोराच्या रेषेत राहायचा प्रयत्न करते. एकट्या माणसाला एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात जाळं अशी कसरत करावी लागत नाही. दोन्ही हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. विजेच्या चाकाचा खरा फायदा हाच, आणि त्याच्या जोडीला हळू, एकसारखा वेग.

४. हळू म्हणजे किती हळू?

मध्यम आकाराच्या होडीचं इंजिन अगदी कमीत कमी वेगावर ठेवलं तरी होडी ताशी पाच किलोमीटरनं सहज जाते. ऐकायला हे हळू वाटतं. आकडा मांडून बघा.

दोरावर दर पाच फुटांनी, म्हणजे सुमारे दीड मीटरवर आमिष आहे. ताशी पाच किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर. म्हणजे दर १.१ सेकंदाला एक आमिष वर येणार. एक खेकडा टिपून जाळं टोपलीत रिकामं करेपर्यंत दोन-तीन आमिषं निघून गेलेली असतात. त्यावर खेकडे असतील तर ते रोलरवर आपटतात किंवा सोडून जातात.

आता वेग निम्मा करा. ताशी २.५ किलोमीटर, सेकंदाला ०.७ मीटर. प्रत्येक आमिषाला सव्वादोन सेकंद मिळतात. सरावलेल्या हाताला एवढं पुरतं.

होडी इंजिनाच्या किमान वेगाहून हळू करायची म्हणून लोक इंजिन चालू ठेवून मागे बादल्या किंवा कापडी पिशव्या ओढत नेतात. त्यानं काम भागतं, पण इंजिनाचा आवाज, धूर आणि दोर पंख्यात जाण्याची भीती राहतेच. विजेचं चाक इथे उपयोगी पडतं. पायाखालचं बटण सोडलं की होडी थांबायला लागते, दाबलं की पुन्हा त्याच वेगानं चालते.

फार हळू गेलं तरी नुकसान होतं. दोर रेंगाळत वर येतो, खेकड्याला उजेडाची आणि सावलीची जाणीव व्हायला जास्त वेळ मिळतो. म्हणून वेग कमी-जास्त करता येईल असं चाक घ्यावं. एकाच वेगावर फिरणारं चाक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. पहाटे खेकडे घट्ट धरतात तेव्हा वेग थोडा वाढवता येतो. दुपारी ऊन थेट पाण्यात उतरतं आणि ते लवकर सोडतात, तेव्हा कमी करावा लागतो.

वेग चाकाच्या घेरावर आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर ठरतो. २० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ६३ सेंटीमीटर. सेकंदाला ७० सेंटीमीटर हवे असतील तर सेकंदाला १.१ फेऱ्या, मिनिटाला सुमारे ६७. दुकानदार मिनिटाला २०० फेऱ्यांची मोटर दाखवत असेल तर त्याच चाकानं होडी ताशी साडेसात किलोमीटरनं पळवायला निघेल. तो वेग या कामाचा नाही. दांडगी मोटर आणि चुकीच्या फेऱ्या, ही जोडी बाजारात वारंवार दिसते. एवढा एक हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता आला तरी बरेच पैसे वाचतात.

५. जोर किती हवा?

पाच मीटर लांबीची होडी, दोन माणसं, शांत पाणी. सेकंदाला ०.७ मीटर एवढ्या मंद वेगात पाणी होडीला फार अडवत नाही. अडवतो तो वारा. वाऱ्याचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. समोरून वाऱ्याला अडणारा होडीचा आणि माणसांचा भाग तीन चौरस मीटर धरला, तर ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा साडेचार किलो वजनाएवढा भरतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला की तोच रेटा १८ किलोंवर जातो.

आपण मध्यम वारा आणि पाण्याचा अडथळा मिळून १५ किलो वजनाएवढा ताण गृहीत धरू. शास्त्राच्या एककात १५० न्यूटन. ताण गुणिले वेग म्हणजे लागणारी शक्ती: १५० गुणिले ०.७, म्हणजे १०५ वॅट. मोटर आणि दातेरी चाकं यांत निम्मी शक्ती वाया जाते असं सैलपणे धरलं, तरी बॅटरीतून २१० वॅट घ्यावे लागतील. घरच्या मिक्सरला याहून जास्त लागतात.

म्हणजे हौशी माणसाच्या छोट्या होडीला प्रचंड मोटरची गरज नसते. काही व्यावसायिक मच्छीमार मुख्य इंजिनाच्या जोरावर चालणारी, तेलाच्या दाबाची चाकं लावतात, कारण त्यांच्या होड्या मोठ्या, दोर लांब आणि काम दिवसभराचं असतं. त्यांचं पाहून तसलं चाक पाच मीटरच्या होडीवर चढवणं मला अजिबात पटत नाही. दोर तळाच्या बुडालेल्या लाकडात किंवा कालवांच्या ढिगात अडकला, तर दांडगी मोटर थांबत नाही. ती होडीचा काठ खाली ओढते, बैठक उपटते, नाहीतर दोर तोडते. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप घसरणारा क्लच, निदान योग्य मापाचा फ्यूज, हे ताकदीपेक्षा महत्त्वाचं.

६. बॅटरी आणि तारा

मेरीलँडमध्ये हौशी परवान्यावर आमिषाचा दोर जास्तीत जास्त १,२०० फूट, म्हणजे सुमारे ३६६ मीटर लांब ठेवता येतो. सेकंदाला ०.७ मीटरनं एक फेरी पुरी व्हायला पावणेनऊ मिनिटं लागतात. सकाळभरात दहा फेऱ्या मारल्या, तर चाक सुमारे दीड तास चालतं. २१० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे साडेसतरा अँपिअर. दीड तासाला सुमारे २६ अँपिअर-तास. शिशाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी तिच्या आयुष्यासाठी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ५० वापरायला मिळतात. पुरून उरते.

ही बॅटरी इंजिन सुरू करायच्या बॅटरीपेक्षा वेगळी हवी. इंजिन सुरू करणारी बॅटरी क्षणभर भरपूर वीज द्यायला बनवलेली असते, तासभर थोडी थोडी द्यायला नाही. शिवाय नदीच्या मधोमध ती उतरली तर परत कसं यायचं? एवढ्यासाठी तरी दुसरी बॅटरी घ्याच.

तारेकडे लोक लक्षच देत नाहीत. बॅटरी होडीच्या मागच्या टोकाला आणि चाक पुढे असेल, तर जाता-येता मिळून १२ मीटर तार लागते. अडीच चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर साडेसतरा अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच हरवतो, तार तापते, चाक मंदावतं. आठ चौरस मिलिमीटरच्या आसपासची जाड तार घेतली, तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या खाली येतो. मोटर कमजोर निघाली म्हणून परत करणाऱ्या किती तरी लोकांची मोटर चांगली असते, तार बारीक असते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, मोटरीजवळ नाही. तार मधेच कुठे घासून उघडी पडली तर आगीपासून वाचवणारा तोच.

७. दुकानात काय पाहावं

सगळ्यात आधी विचारा, ही मोटर सलग किती वेळ चालवता येते? नांगर उचलायची यंत्रं आणि पिंजरे वर ओढायची यंत्रं दिसायला अशीच असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्युजेट साउंडमध्ये, डन्जनेस खेकड्यांचे जड पिंजरे खोल पाण्यातून ओढायला विजेची यंत्रं सर्रास वापरतात. पण ती एक पिंजरा वर आणतात आणि थांबतात. त्यांच्या मोटरी थोडा वेळ काम, मग विश्रांती, या हिशेबानं बनवलेल्या असतात. आपल्याला नऊ मिनिटं न थांबता फिरणारी मोटर हवी आणि लगेच दुसऱ्या फेरीला तयार असलेली. पिंजऱ्याचं यंत्र या कामाला जुंपलं की मोटर तापून जळण्याची भीती असते.

दुसरं, चाकाची खाच. पिंजऱ्याच्या यंत्रात दोर मोकळा असतो, म्हणून खाच अरुंद आणि करकचून पकडणारी असते. आपल्या दोरावर दर पाच फुटांनी कोंबडीची मान बांधलेली असते. अरुंद खाचेत आमिष चिरडतं, सुटतं किंवा अडकतं. खाच रुंद हवी, तळाशी निमुळती हवी आणि तिला रबराचं अस्तर असेल तर ओला दोर घसरत नाही. घेण्याआधी आपल्याच दोराचा आमिष बांधलेला तुकडा नेऊन चाकावर फिरवून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तिसरं, दोर चटकन काढता येणं. चाक एका बाजूनं उघडं असावं, म्हणजे अडचण आली की दोर हातानं उचलून बाहेर टाकता येतो. बंद चौकटीतलं चाक कितीही सुबक दिसलं तरी नको.

बाकी गोष्टी थोडक्यात. पायाचं बटण असं हवं की पाय उचलला की चाक थांबलंच पाहिजे. एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद, असलं बटण धोक्याचं. खिळे, बोल्ट, आस हे सगळं गंज न धरणाऱ्या पोलादाचं हवं. चेसापीकचं पाणी पूर्ण खारं नसलं तरी साधं लोखंड खायला पुरेसं आहे.

घरी जुळणी करणाऱ्यांसाठी एक शब्द. मोटारीच्या काचेवरच्या वायपरची मोटर स्वस्तात मिळते, पण ती थोड्याच वॅटच्या कामासाठी असते. आपला हिशेब दोनशे वॅटच्या पुढे जातो. त्या मोटरीवर वेळ घालवू नका.

८. होडीवर कुठे बसवायचं

ओढण्याचा बिंदू जितका पुढे, तितकी होडी सरळ चालते. मधल्या भागाच्या मागे चाक बसवलं की होडीचं तोंड भरकटतं आणि ती दोराला आडवी होते. म्हणून नाळेच्या बाजूला, पण जाळं धरणाऱ्याला उभं राहायला जागा सोडून.

क्रम असा असावा. पुढे रोलर, त्याच्या मागे एक ते दीड मीटर मोकळी जागा, मग चाक. रोलर दोराला पाण्याच्या पातळीजवळ आणतो, मोकळ्या जागेत माणूस पाण्याकडे पाहत खेकडा टिपतो आणि चाकाकडे जातं ते रिकामं आमिष. चाकाच्या फार जवळ उभं राहून टिपायला गेलं तर जाळ्याची दांडी, बाही आणि बोटं चाकाकडे ओढली जाण्याचा धोका असतो.

चाकाखालचा होडीचा काठ आतून जाड पट्टी लावून बळकट करा. नुसत्या स्क्रूवर बसवलेलं चाक पहिल्या अडकणुकीत काठाचा तुकडा घेऊन जातं. उजव्या काठावर ओढ असल्यामुळे होडीचं तोंड किंचित डावीकडे वळू पाहतं. बंद इंजिनाचं पाण्यातलं पातं थोडं वळवून ठेवलं की ते सुकाणूचं काम करतं. वारा अगदी पडलेला असेल तर इंजिन वर उचलून ठेवणं चांगलं, म्हणजे मागे सुटणारा दोर त्यात अडकत नाही.

९. पाण्यावर

दोर टाकायचा तो तळाच्या उताराच्या काठानं, साधारण दीड ते साडेचार मीटर खोलीत. पहिला नांगर सोडा, होडी हळू नेत दोर सोडत जा, दुसऱ्या टोकाला ताणून मग दुसरा नांगर टाका. दोर आणि नांगर यांच्यामध्ये दोन-तीन मीटर साखळी हवीच. साखळीच्या वजनामुळे नांगरावरची ओढ आडवी राहते आणि तो रुततो. नांगर सरळ वर ओढला गेला की सुटतो. चाक वापरणाऱ्यांनी साध्या रोलरवाल्यांपेक्षा जड नांगर घ्यावा, कारण होडीचा सगळा ताण तोच पेलतो.

फेरी मंद वाऱ्याविरुद्ध मारावी. दोर ताणलेला राहतो, होडी सरळ राहते. वारा पाठीमागून आला तर होडी चाकाला मागे टाकून पुढे ढकलली जाते, दोर सैल पडतो आणि गुंता होतो. आडवा वारा सगळ्यात वाईट. होडीची बाजू तोंडापेक्षा कितीतरी मोठी असते, वारा तिला रेषेबाहेर नेतो आणि दोर चाकावरून निसटतो. त्या दिवशी दोर उचलून दुसऱ्या दिशेनं टाकणं हाच उपाय.

जाळं खेकड्याच्या मागून, खालून आणा आणि तो पाण्यात असतानाच उचला. तो पृष्ठभाग फोडून वर येईपर्यंत वाट पाहिली की गेला. पाण्यावरची चमक मारणारा पोलराइज्ड चष्मा इथे फार उपयोगी पडतो. साखळी दिसू लागली की पाय उचला आणि दोर चाकावरून काढा. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. रिकाम्या आमिषांवर खेकडे पुन्हा यायला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

जवळ सुरी ठेवा, अंगात लाइफ जॅकेट असू द्या, सैल बाह्या आणि ओढण्या चाकाजवळ नकोत. दोर कधीही हाताला गुंडाळू नका. एकटे असाल तर हे दुप्पट लागू.

घरी आल्यावर चाक, आस आणि तारांची टोकं गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा.

१०. कायदा आणि खेकड्याची संख्या

मेरीलँडमध्ये हौशी माणसाला मादी ठेवता येत नाही. पोटावरची झडप पाहा. नराची अरुंद आणि लांबट, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद आणि गोलाकार. कोकणात गाभोळीसाठी मादी शोधून घेणाऱ्यांना ही पारख आधीच ठाऊक असते, फक्त इथे ती उलट्या कामाला लावायची. नराची रुंदी, कवचाच्या दोन टोकांमधली, १४ जुलैपर्यंत किमान पाच इंच आणि १५ जुलैपासून सव्वापाच इंच भरली पाहिजे. बहुतेक बुधवारी हौशी लोकांना सुट्टी घ्यावी लागते, म्हणजे खेकड्यांनाही मिळते. नियम हंगामागणिक बदलतात, शेजारच्या व्हर्जिनियाचे निराळे आहेत. दोराची लांबी, वेळ, रोजची मर्यादा आणि यंत्राच्या वापराचे नियम हंगाम सुरू होताना राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडून तपासून घ्या, चाक विकत घेण्याच्या आधी.

हे नियम कागदी नाहीत. १९९० पासून दर हिवाळ्यात, खेकडे चिखलात गाडून घेतात तेव्हा, दोन्ही राज्यांचे शास्त्रज्ञ त्यांची मोजणी करतात. २०२२ साली खाडीत सुमारे २२ कोटी ७० लाख खेकडे निघाले, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी आकडा. २०२५ साली २३ कोटी ८० लाख, म्हणजे खालून दुसरा. माद्या अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात जातात आणि वरच्या नद्यांमध्ये नर जास्त राहतात. म्हणून ट्रॉटलाइनवर नर जास्त मिळतात हे खरं, पण एखादी मादी आलीच तर ती खाडीसाठी तुमच्या टोपलीतल्या कुठल्याही नरापेक्षा मोलाची आहे. चाकानं तुमची मिळकत वाढणार असेल तर हा संयमही वाढायला हवा.

११. मग घ्यावं की नाही?

सुरुवात करणाऱ्यानं आधी चांगला, पाण्यात बुडणारा दोर घ्यावा, जड नांगर, साखळ्या, बोये आणि एक साधा रोलर घ्यावा आणि एक पूर्ण हंगाम त्यावर काढावा. होडी लहान असेल आणि तिचं इंजिन मंद वेगावर ताशी अडीच-तीन किलोमीटरनं चालत असेल, तर विजेच्या चाकाची गरज नाही. ज्याचं इंजिन एवढं हळू जातच नाही, जो एकटाच पाण्यावर जातो किंवा ज्याच्या पाठीला-खांद्याला एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्यानं जाळं सांभाळणं जड जातं, त्यानं जरूर घ्यावं. वेग बदलता येणारं, सलग चालणारं, रुंद खाचेचं आणि पाय उचलताच थांबणारं दोनशे-तीनशे वॅटचं चाक अशा माणसाला पुरेसं आहे. त्याहून मोठं घेऊ नका.